वरची होडी

भटू, वरची होडी वाकलेली होती. आणि ते मला माहीत होतं.

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, मंडळात नाही, घरात शोभालाही नाही. त्या सकाळी शेडचं कुलूप काढल्यावर मी म्हणालो, "खालची मी घेतो, वर माझा हात पुरत नाही." तू हसलास आणि वरची उतरवलीस. माझा हात पुरत होता, भटू. ते रॅक मीच बांधलेलं, माझ्याच उंचीच्या मापानं. हात पुरेल एवढंच वर केलेलं.

मंडळाच्या पोरांनी तुझ्या फोटोखाली छापायला चार ओळी मागितल्यात. "जिभाऊ, तुम्हीच लिहा, शेवटपर्यंत तुम्ही सोबत होतात." मी हो म्हणून बसलो. कागद पुढे घेतला की 'परोपकारी' हा शब्द येतो, 'हसतमुख' येतो, आणि हात थांबतो. खोटे नाहीत ते शब्द. पण ते लिहिले की मी सुटलो, असं होईल. म्हणून त्या चार ओळी बाजूला ठेवल्या आणि हे तुला लिहितोय. तू आता उलट बोलणार नाहीस, त्याचा फायदा घेतोय म्हण. तुझ्याशी बोलताना मी नेहमी फायदाच घेत आलो.

सुरतेच्या त्या लूम-कारखान्यात, आपल्या खात्यात, मी जॉबर, तू लूम चालवणारा कारीगर. बाहेरच्याला वाटतं जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा मिस्त्री. तसं असतं तर बरं झालं असतं. कापडाच्या ताक्यात खोट निघाली की शेठ दोघांना बोलवायचा, कापड उजेडात धरायचा आणि तुझ्याकडे न बघता मला विचारायचा, "मशीननी भूल छे के कारीगरनी?" मी सांगेन ते शेवटचं. मशीनची म्हटलं की विषय मिटला, कारीगराची म्हटलं की त्याच्या पगारातून कापलं. एवढी वर्षं माझ्या तोंडच्या एका शब्दावर माणसांच्या घरची भाजी ठरत होती. मी बहुतेक खरं बोललो, हे तूही मान्य करशील. तुझ्याबाबतीत तर एकदा मशीनवर ढकललंही होतं. तू बाहेर येऊन म्हणालास, "जिभाऊ, आज तुम्ही देव झालात, उद्या चहा पाजा." देव मी झालो आणि चहाही मीच पाजायचा, हा तुझा हिशेब.

त्या होड्या आपल्याकडे आल्या तेव्हा पोरं त्यांना 'कयाक' म्हणायची आणि तू होडीच म्हणायचास. एक पिवळी, एक केशरी. शेठच्या कुण्या पाहुण्यानं तापीकाठी बोटिंगचा धंदा काढला होता, तो चालला नाही. त्याच्या उरलेल्या या दोन. खाडीचं पाणी दर पावसाळ्यात आपल्या सोसायट्यांमध्ये शिरतं, मोठी बोट मोठ्या रस्त्यावरून आत वळत नाही, आणि आपण ट्रकच्या ट्यूबवर म्हाताऱ्यांना बसवून ढकलत नेतो, हे तूच शेठला सांगितलंस. शेठ म्हणाला, घेऊन जा. टेम्पोत त्या आडव्या टाकून आपण गोडादऱ्याला आलो, तेव्हा तू होडीत बसून आलास. टेम्पोतल्या होडीत. रस्त्यानं लोक हसत होते आणि तू हात हलवत होतास.

मग प्रश्न आला ठेवायच्या कुठं.

मंडळाची पत्र्याची शेड होती, मांडवाचं सामान आधीच भरलेलं. जमिनीवर जागा नाही. तू म्हणालास, छताला टांगू. रुंद नायलॉनचे पट्टे घ्यायचे, पाळण्यासारखे, त्यात होड्या झोपवायच्या. मी म्हणालो, "वरचा अँगल बघितलास का? दातकोरणीसारखा आहे. तुझा पाळणा टांगला आणि वारा सुटला तर शेड गोडादऱ्याहून निघून नवागामला पोचेल." सगळे हसले. ते माझं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. ती शेड टांगलेलं काही पेलणारी नव्हतीच.

तू लगेच म्हणालास, "बरं, खाली स्टँड करा. पण पट्टे राहू द्या. पोटाखाली दोन पट्टे."

इथं मला तुझं ऐकता आलं असतं.

मी ऐकलं नाही, कारण मला बीम दिसत होता. भंगारात दोन जुने बीम स्टँड पडून होते, ते मी आधीच मनात कापून जोडले होते. ताण्याचा बीम तू जन्मभर वाहिलास: लोखंडी रूळ, त्यावर हजारो धागे गुंडाळलेले, आणि तो ठेवायचा कसा, तर दोन टोकांवर. फक्त टोकांवर. पोटाला काही लागता कामा नये. पोटाला स्टँड घासला, माणसाची अंगठी जरी लागली, तरी धागे तुटतात आणि सगळा ताणा वाया जातो. नवा पोरगा खात्यात आला की पहिली शिवी त्याला याच्यावरून बसते: "पोटाला हात लावू नको रे!" ही शिवी मी कितीजणांना दिली असेल. माझ्या हाडात ती बसली होती. लांबट, जड, गोल वस्तू दिसली की ती टोकांवरच ठेवायची, पोट मोकळं सोडायचं. मला दुसरं काही सुचलंच नाही. सुचलं ते तुला, आणि तू मला माझ्याच सोसायटीच्या पोरांसमोर सांगितलंस.

"जिभाऊ, हाई बीम नही शे, हाई होडी शे," तू म्हणालास. चिडलास की तू अहिराणीवर यायचास. "तिना पोटखाले आधार पाहिजे. डोकं आनि पाय धरीसन कोनले उचलतस? मुडदाले."

पोरं खिदळली. मी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि म्हणालो, "स्टँड मी बांधतोय की तू?"

"तुम्ही."

"मग झालं."

झालं. मी दोन स्टँड उभे केले, त्यांना वर-खाली दोन दोन आडवे लोखंडी हात जोडले, लोखंड होडीला टोचू नये म्हणून हातांवर साडीच्या चिंध्या गुंडाळल्या. चिंध्यांची सुरतेत काय कमी? रॅक दिसायला देखणं झालं, हेही लिहितो. तू चिंध्या गुंडाळायला बसलास, आणि तोंडानं विरोध चालूच ठेवून हातानं मन लावून काम केलंस. घट्ट, एकसारखे वेढे. वरच्या डाव्या हाताचं वेल्डिंग गार होताना थोडं ओढलं गेलं आणि तो हात किंचित खाली राहिला. मला दिसलं. म्हटलं, चालतं, बीम थोडाच आहे. गंमत बघ, तेवढ्यापुरता तो मला बीम वाटला नाही.

नारळ फोडला, होड्या चढवल्या. पिवळी वर, केशरी खाली. मग उन्हाळा लागला.

मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय होतं ते मला कळायला हवं होतं. मी लोखंडातला माणूस, प्लास्टिकचं मला काय, असं स्वतःला सांगतो. पण पत्र्याला टेकून ठेवलेली बादली वाकडी होते हे कुठल्याही बाईला माहीत असतं.

पावसाच्या तोंडावर मी एकटा शेडवर गेलो होतो, मांडवाच्या कनाती बघायला. सहज वर नजर गेली. पिवळीचं पोट खाली आलेलं. मला वाटलं उजेडामुळे तसं दिसतंय. खिशातून धागा काढला, धागा माझ्या खिशात असतोच, आणि तो होडीच्या नाकापासून शेपटापर्यंत ताणून धरला. लूम सरळ लागला का हे बघायला धरतो तसा. पोट धाग्यापासून सुटून खाली लोंबलं होतं, आणि नुसतं लोंबलं नव्हतं, तो डावा हात खाली राहिला होता ना, त्या बाजूला पिळलं होतं. होडीचं नाक एकीकडे बघत होतं आणि शेपूट दुसरीकडे. केशरी खालच्या मजल्यावर, पत्र्यापासून लांब. तिला धागा लावला. ती ठीक होती.

मी होडी उलटी करून तिच्या पोटावर विटा ठेवल्या. गरम पाणी ओतलं. दोन दिवस शोभाला खात्यात ओव्हरटाइम आहे असं सांगून हे करत होतो. थोडी सुधारली असं मीच मला म्हटलं, आणि पुन्हा वर चढवली. पीळ भिंतीकडे जाईल अशी फिरवून.

तुला का सांगितलं नाही? यावर मी खूप विचार केलाय, काही मोठं कारण सापडतंय का ते बघायला. सापडत नाही. तू हसला असतास, एवढंच. तू पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणावळीत ती मुडद्याची गोष्ट सांगितली असतीस आणि मला ते ऐकत पुरी खावी लागली असती.

मग आपण कामरेजच्या वरच्या अंगाला नदीवर सरावाला गेलो. तू वल्हं हातात घेऊन पाण्याला नमस्कार केलास आणि पोरांना म्हणालास, "तापीमाय बी आपलीच. खान्देशातून निघाली, सुरतले कामले उनी." पिवळीत तू बसलास. ती दर चार हातांवर डावीकडे वळायला लागली. तू सरळ करायचास, ती परत डावीकडे.

"जिभाऊ, हाई डावीकडेच वळस. तिनं माहेर तिकडे शे का?"

काठावरची पोरं लोळली. तूही हसलास, मग काठाला येऊन हळूच, फक्त मला विचारलंस, "खरंच सांगा. होडीत काही खोट आहे का?"

शेठनं कापड उजेडात धरावं तसा तो प्रश्न होता. मशीनची चूक की कारीगराची?

मी म्हणालो, "होडीत कसली खोट? तुझा उजवा हात जड पडतो. उभा जन्म उजव्या हातानं लूमचं हँडल ओढलंस. डावा मार जोरात."

तू हाताकडे बघितलंस. "व्हय. व्हई तसंच," म्हणालास.

तुला एकदाही शंका आली नाही. रॅकवरून भांडणारा तू, हे मात्र मानलंस, कारण जॉबरनं सांगितलं होतं. त्यानंतर तू खात्यात हँडल डाव्या हातानं ओढायला लागलास. पाण्याची बादली डाव्या हातात. तुझ्या बायकोनं, विमलनं, शोभाला सांगितलं म्हणे, की घरात जेवण सोडून सगळं डाव्या हातानं चालू आहे, यांना काय वेड लागलं. शोभानं ते मला हसत सांगितलं. मीही हसलो. नसलेला दोष तू मन लावून घालवत होतास, आणि मी बघत होतो, आणि चहा पीत होतो.

त्या दिवसाचं लिहायचं तर पाणी पहाटेच आलं होतं. उजाडेपर्यंत खालच्या सोसायटीत ते छातीला लागलं. एरवी गटारासारखी काळी, हातभर रुंद वाटणारी खाडी कुठं सुरू होते आणि गल्ली कुठं संपते ते दिसेना. शेडपाशी आपण दोघं. तिथं मी ते हात पुरत नसल्याचं बोललो.

सकाळभर आपण फेऱ्या मारल्या. एका फेरीत एक माणूस, मोठ्या रस्त्यापर्यंत. तरंगायची जॅकेटं दोनच होती आणि ती बसवलेल्या माणसाला घालायची, आपण नाही, हा तुझाच नियम. एक म्हातारी छातीशी गाठोडं धरून बसली होती, जॅकेट घालू देईना. तू म्हणालास, "मावशी, जॅकेट तुले घालू का गठुडाले?" ती म्हणाली, "गाठोड्याला." तू खरंच गाठोड्याला अडकवलंस, तेव्हा ती हसली आणि मग घालून घेतलं. कुणालाही पाण्यात हसवायचं तुला जमायचं. तुझी होडी वळते, तू ती हातानं दाबून सरळ करतोस, घाम येतोय, हे मी मागून बघत होतो. एकदा तू खांदा चोळलास. तेव्हा म्हणता आलं असतं, भटू, बदलू या. मला वाटतं मी तोंड उघडलंही होतं. नक्की आठवत नाही. हे 'आठवत नाही' खरं की सोयीचं, ते तूच ठरव.

दुपारनंतर पाण्याला ओढ आली. रो-हाउसची ती शेवटची गल्ली संपते तिथं उजवीकडे वळलं की पुढची गल्ली, न वळलं की खाडी आणि खाडीवरचं गरनाळं, रस्त्याखालून पाणी जायचा बोगदा. तू पुढं, रिकाम्या होडीत. मी मागं. वळणावर तू डावीकडून वल्हं मारायला लागलास, डावीकडूनच मारायचं असतं, बरोबर मारत होतास. एक, दोन, पुन्हा, पुन्हा. होडीचं नाक डावीकडेच चाललं होतं. पाणी तिकडेच ओढत होतं आणि होडीही तिकडेच. ती सरळ असती तर तू वळला असतास का? मला माहीत नाही. कदाचित नसतासही. पाण्याचा जोर तसा होता. हे माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं एवढंच आहे, म्हणून लिहिलं.

तू ओरडलास, "जिभाऊ, मना हात कमी पडी ऱ्हायना!"

भीतीनं ओरडला नाहीस. कारीगर जॉबरला सांगतो तसं सांगितलंस.

मला म्हणायचं होतं, होडी सोड, उडी टाक, भिंत धर. माझ्या डाव्या हाताला एका बाल्कनीची जाळी लागली होती. मी ती धरून बसलो. सरळ होडीत. तू गरनाळ्याच्या तोंडाशी गेलास, तिथं झाडाच्या फांद्या आणि पत्रे अडकले होते, होडी आडवी झाली आणि मग मला पिवळा रंग तेवढा दिसत राहिला. मी जाळी सोडली नाही. लोकांनी नंतर माझी बोटं त्या जाळीतून सोडवली. "धक्का बसला बिचाऱ्याला," म्हणाले.

पाण्यात उभं राहायलाही मला तूच शिकवलंस, हे कुणाला माहीत आहे? पन्नाशीला आलेला माणूस, गुडघाभर पाण्यात घाबरायचा. गावाकडे लग्नाला गेलो होतो, जेवणं झाल्यावर तू मला नदीवर नेलंस. कुणी बघणार नाही अशा जागी. "झोपा," म्हणालास. पाण्यावर कुठं झोपू? तू माझ्या पाठीखाली तळवा धरलास. नुसता तळवा. "डोकं सोडा, पाय सोडा, मी धरेल शे." मी पडलो. आकाश दिसलं. कानात पाणी गेलं आणि गावातला बँड एकदम लांब गेला. किती वेळ तू तसा उभा होतास कोण जाणे, आणि मग म्हणालास, "जिभाऊ, हात कधीच काढून घेतलाय." मी लगेच बुडालो. तू पोटभर हसलास, आणि ती गोष्ट कुठल्याही लग्नात, कुठल्याही पंगतीत कधी सांगितली नाहीस. मी तुझ्या ज्या हसण्याला घाबरून गप्प राहिलो, ते तू माझ्यासाठी एवढं जपून ठेवलं होतंस. हे मला तू गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी धाग्याची गोष्ट सांगितली असती, असं म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही.

तू सापडलास दुसऱ्या दिवशी. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

तुझ्या दारावर आम्ही बसलो होतो. आपल्यात दारावर आलेला माणूस फार बोलत नाही. पाणी घेतो, मान खाली घालतो, थोडा वेळ बसतो, उठतो. ही रीत कुणी घातली असेल त्याला माझ्यासारखी माणसं ठाऊक असणार. पण गप्प बसणाऱ्यांच्यातही एक कुणी बोलणारा असतोच. "भटूभाऊ पट्टीचा पोहणारा. असा कसा जाईल?" मग मागून हळूच, "घेतली असेल." शेजारचा एकजण गुजरातीत म्हणाला, "पीधेलो हशे, बीजुं शुं." वाईट मनानं नाही. काहीतरी कारण पाहिजे ना माणसाला.

तुझ्या पोरीच्या, मनीषाच्या हळदीच्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून तू दारू सोडलीस, आणि त्यानंतर कधी थेंब घेतला नाहीस, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. त्या दिवशी पहाटेपासून तू माझ्या सोबत होतास. आपण एका ग्लासातला चहा अर्धा अर्धा प्यायलो होतो.

लोक उठून गेल्यावर विमल आतून आली. तिनं मला नेहमी जेठ, थोरला दीर मानलं. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर पदर सोडला नाही, की माझ्याशी थेट शब्द बोलली नाही. चहा हवा का हेही पोरांकरवी विचारायची: "जिभाऊले इचार." त्या दिवशी मधे कुणी नव्हतं. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली, पदर पुढं ओढलेला, चेहरा दिसेना, आणि म्हणाली,

"जिभाऊ, त्या पेयेल व्हतात का?"

प्यायला होतास का. एवढंच तिला विचारायचं होतं. जन्मात पहिल्यांदा तिनं मला काही विचारलं, आणि ते जॉबरला विचारतात तेच होतं.

'नव्हता' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग कसं झालं? तो प्रश्न मला दिसला. मी म्हणालो, "मला नाही माहीत."

ती आत गेली. मग आतून ऐकू आलं. मनीषाला सांगत होती, रडत नव्हती, नुसतं सांगत होती, "तुना बापनी तुन्ही शप्पथ मोडी." मनीषा सासरी परत निघाली तेव्हा तुझ्या फोटोच्या पाया न पडता निघाली. मी रिक्षात तिची पिशवी ठेवून दिली.

होडी पोलिसांनी पाहिली, पंचनामा झाला. फुटलेली, चिखलानं भरलेली प्लास्टिकची होडी. तिला धागा कोण लावणार? नंतर ती शेडच्या बाहेर पडून होती. मी मंडळात म्हणालो, विमलच्या नजरेला ती पडायला नको. सगळ्यांना पटलं. जिभाऊंचं बाई-माणसाकडे लक्ष असतं, म्हणाले. करवतीनं मी एकट्यानं ती कापली. पिळलेला भाग आधी. तुकडे भंगारवाल्याच्या गाडीत स्वतः चढवले. गाडी निघून गेली तेव्हा मला बरं वाटलं, भटू. हेही तुला सांगायचं होतं, की त्या दिवशी मी नीट जेवलो.

नंतर मी ते रॅकही उतरवलं. टोकांकडचे हात कापले आणि आत सरकवून जोडले, पाव हिस्सा इकडे, पाव हिस्सा तिकडे, आणि हातांच्या मधे रुंद पट्टे ताणले, झोळीसारखे, लोखंड कुठंच लागणार नाही असे. पत्र्यापासून लांब, खालीच ठेवलं. केशरी त्यात झोपवली. पोट पट्ट्यांवर टेकलं. मी धागा लावला. तू जसं म्हणाला होतास तसंच, सरळ. मंडळातल्या एकानं विचारलं, "जिभाऊ, चांगलं होतं की आधीचं, बदललं कशाला?" मी म्हणालो, "असंच." ते तुझं रॅक आहे, एवढंसुद्धा बोललो नाही.

हा कागद मी मंडळाला देणार आहे, चार ओळींच्या जागी. छापोत न छापोत. पण विमलच्या हातात कागद पडावा, मी घरी बसावं आणि तिनं मनीषाकडून वाचून घ्यावं, ही पुन्हा मधे कुणालातरी उभं करायचीच युक्ती झाली. ती माझी खूप वापरून झालीय. म्हणून कागद देण्याआधी जायचं आहे. काल मी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. विमल बाहेर भांडी घासत होती. मी परत फिरलो.

तुझं माझ्याकडून काय येणं आहे ते सरळ लिहितो. विमलला, मनीषाला शेजारी बसवून, मी तोंडानं सांगायचं आहे: तू प्यायलेला नव्हतास. तुझा हात कमी पडला नव्हता. होडी वाकलेली होती. ती माझ्या हातून वाकली, मी ती लपवली आणि सरळ होती ती माझ्याकडे ठेवली.

हे मी अजून सांगितलेलं नाही.